पोटरीची मोटार आणि गळका फुटव्हॉल

पत्र : सिस्टर, नमस्कार. मी येळ्ळूरची, वय ४४. गेली आठ वर्षं घरातनंच कडक भाकऱ्या करून बेळगावातल्या दुकानांना देते. पहाटे पाचला ओट्याशी उभी राहिले की अकरापर्यंत उभीच, दुपारी परत तीन तास. संध्याकाळी पाय दगडासारखे होतात, डावा जास्त. गुडघ्यामागं आणि पोटरीवर हिरव्या-निळ्या गाठी आल्यात. पैंजणाचा वळ उठतो. रात्री पायात वांब येऊन उठून बसते. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला काळा डाग पडलाय, तिथं खाजतं. माझ्या आईचे पायही असेच होते. सासूबाई वात म्हणून मिठाच्या गरम पुरचुंडीनं शेकतात. मेडिकलवाल्यानं कॅल्शियम आणि दुखायची गोळी दिली. बीपीची गोळी वर्षभर चालू आहे. मुलानं जबरदस्तीनं डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून आणलं, त्यात ‘इनकॉम्पिटंट’, ‘रिफ्लक्स’, ‘नो डीव्हीटी’ असं लिहिलंय. डॉक्टर लेसर करा म्हणाले. जाऊ म्हणते, शीर जाळली की पाय लुळा पडतो. धंदा बंद करू काय? ता. क. ह्यांचेही पाय दुखतात. बसस्टॉपपर्यंत चाललं की पोटऱ्या धरून उभे राहतात. त्यांनाही तेच घट्ट मोजे आणू काय?

ताई, तुमच्या दुखण्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात, म्हणजे फुगलेल्या शिरा. आधी तो ‘इनकॉम्पिटंट’ शब्द निकालात काढू. त्याचा साधा अर्थ नालायक, म्हणून मुलानं वाचून दाखवल्यावर तुम्ही दचकला असाल. रिपोर्टात तो लिहिलाय एका झडपेला. झडप आहे जांघेत, आणि सायीसारखी पातळ.

येळ्ळूरच्या माणसाला पुढचं समजवायला चित्र काढावं लागणार नाही. विहिरीवरची मोटार बंद केली तरी पाइपातलं पाणी खाली जाऊ नये म्हणून तळाला फुटव्हॉल असतो (निम्मं गाव त्याला फुटबॉल म्हणतं, ते सोडा). तो गळायला लागला की पाणी परत विहिरीत आणि माणूस बादली घेऊन मोटारीच्या डोक्यावर. पायात असा एक नाही, बरेच फुटव्हॉल आहेत. पायातलं रक्त काळजाकडे परत नेणाऱ्या नळ्यांना नीला म्हणतात. त्यांच्यात ठिकठिकाणी झडपा असतात, त्या फक्त वरच्या दिशेनं उघडतात. रक्त वर ढकलायचं काम करते पोटरी. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, मधली नीला पिळली जाते, रक्त एक मजला वर चढतं आणि मागची झडप मिटते. म्हणजे पोटरी ही मोटार. तुम्ही पहाटे पाच ते अकरा ओट्याशी उभ्या असता तेव्हा हात चालू असतात, मोटार बंद असते.

आकड्यात सांगते, कारण बीपीचं मशीन तुमच्या ओळखीचं आहे. माणूस न हलता उभा असला की घोट्याजवळच्या नीलेतला दाब त्याच मशीनच्या भाषेत ८० ते ९० च्या घरात जातो. दहा-पंधरा पावलं चाललं की निरोगी पायात तो ३० च्या खाली येतो. झडपा गळक्या असतील तर चालूनही पुरेसा उतरत नाही, वर चढवलेलं रक्त परत खाली येत राहतं. रिपोर्टातला ‘रिफ्लक्स’ म्हणजे हे उलटं वाहणं. ते अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ चाललं तर झडप बिघडली असं धरतात. दिवसभर असा दाब राहिला की नीलेतलं पाणी झिरपून मांसात, कातडीत उतरतं. तुमचा संध्याकाळचा दगड तो हा. रात्रभर आडवं पडलं की पाणी ओसरतं, म्हणून सकाळी पाय हलके. तुमचं दुखणं शिरांचं आहे हे मला रिपोर्टाआधी पत्रातल्या ‘संध्याकाळी’ ह्या शब्दानंच सांगितलं.

तेव्हा कॅल्शियम बिचारं इथं काय करणार? ते हाडाचं काम, झडप शिवत नाही. दुखायच्या गोळ्या मात्र मी आजच थांबवायला सांगेन. ह्या जातीच्या बऱ्याच गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, म्हणजे ज्या सुजेसाठी घेतो तीच वाढते. वर बीपी चढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ॲम्लोडिपिन असेल तर तिच्यानंही घोटे सुजतात, बहुतेक दोन्ही. आपल्या मनानं बंद करू नका. चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा आणि सुजेचं सांगा, ते बदलून देतील.

सासूबाईंना दुखवायचं नाही, पण ती गरम पुरचुंडी पायाला नको. उष्णतेनं नीला आणखी फुगतात. पाठ शेका, गुडघा शेका, ह्या गाठी शेकू नका. त्यांची माया वाया जाऊ द्यायची नसेल तर तेल लावू द्या, हलक्या हातानं, घोट्याकडून गुडघ्याकडे. एखादी गाठ लाल, गरम, दोरीसारखी टणक झाली असेल तर तेलही नाही. अंघोळीनंतर पायावर गार पाण्याचे दोन तांबे ओतलेत तर बरं वाटेल.

आता काळ्या डागाकडे येते, कारण पत्रात तुम्ही तो ओघात लिहिलाय आणि मला तोच सगळ्यात जास्त खुपला. दाबानं रक्तातल्या तांबड्या पेशीही बाहेर झिरपतात, तिथं मोडतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत गंजासारखं बसतं. कातडीचं पोषण बिघडतं, ती कडक होते, खाजते. डॉक्टर ह्या आजाराच्या ० ते ६ अशा पायऱ्या धरतात. फुगलेल्या गाठी दुसरी पायरी, सूज तिसरी, डाग आणि खाज चौथी. सहावी म्हणजे न भरणारी जखम. ती बहुतेक वेळा तुमचा डाग आहे तिथंच होते, आतल्या घोट्याच्या जरा वर. खाजवून नख लागलं की सुरुवात. म्हणून खाजवू नका, साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन दोन वेळा लावा, झाडपाल्याचा लेप लावू नका. आणि लेसरचा विषय पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.

मी डॉक्टर नव्हे. तेहेतीस वर्षं वॉर्डात उभी राहून नोकरी केली, पाय माझेही असेच. दुसऱ्या बाळंतपणानंतर गाठी आल्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, नर्सच्या पायाला हे असायचंच, आणि मी ते ऐकून घेतलं. दुसऱ्याला पाय वर करा म्हणून सांगायची आणि आपण रात्रपाळीला टेबलाशी उभं राहून चार्ट लिहायचे. एकदा अंघोळ करताना वजरीनं टाच घासत होते, हात निसटून घोट्याजवळच्या गाठीला लागला. दुखलं काहीच नाही. फरशीवर बघते तर बारीक धार, नळाची तोटी नीट बंद नसावी तशी. मी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा दाबलेली बाई, तिथं उभी राहून बघत बसले. उभी राहिले म्हणूनच धार थांबेना. सून पंचा घेऊन मांडीला करकचून बांधायला आली, तेव्हा मला अक्कल आली. तिला म्हटलं बांधू नको. तिथंच ओल्या फरशीवर आडवी झाले, पाय पालथ्या बादलीवर ठेवला आणि पंचाची घडी त्या जागेवर हातानं दाबून धरायला लावली. रक्त थांबलं, तरी दहा मिनिटं हात काढू दिला नाही. मग दवाखान्यात गेलो. तुमच्या घरी सगळ्यांना हे सांगून ठेवा : आडवं व्हायचं, पाय वर, बरोबर जखमेवर दाब, वर काही आवळायचं नाही. आणि वजरी त्या पायाला जपून.

पुढं मी लेसर करून घेतलं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. वीस वर्षं आधी करता आलं असतं असं म्हणवत नाही, तेव्हा आपल्याकडे ते नव्हतंच, पण दहा वर्षं मी नक्की फुकट घालवली.

जाऊबाई म्हणतात पाय लुळा पडेल. घरोघरी हे ऐकते. पाय लुळा पडतो मज्जातंतू मेला तर. ही रक्ताची नळी, तीही वरवरची. पायातलं दहातले नऊ हिस्से रक्त आत स्नायूंमधून जाणाऱ्या खोल नीलांतून वर जातं, आणि रिपोर्टात ‘नो डीव्हीटी’ असं लिहिलंय म्हणता, म्हणजे खोल नीलांत गुठळी नाही, मोठा रस्ता मोकळा आहे. गळकी नळी रक्त वर नेतच नाही, खाली पाडते. ती बंद केली की रक्त चांगल्या वाटेनं जातं. पटत नसेल तर गावात कुणाचं बायपास झालंय ते आठवा. त्यांच्या पायावर घोट्यापासून वरपर्यंत लांब व्रण असेल. काळजाला जोडायला पायातली हीच शीर काढून घेतात, आणि ती माणसं सकाळी फिरायला जातात.

लेसरमध्ये कापाकापी फारशी नसते. सोनोग्राफीत बघत सुईच्या भोकातून बारीक तार नीलेत सरकवतात, भोवती बधिर करायचं पाणी भरतात आणि उष्णतेनं नळी आतून चिकटवून टाकतात. रेडिओफ्रीक्वेन्सी म्हणतात तेही असंच, उष्णता वेगळ्या तऱ्हेची. बहुतेकांना त्याच दिवशी चालायला लावतात. मलाही संध्याकाळी वॉर्डात दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मांडीत आठवडाभर ओढल्यासारखं, काळंनिळं, ते होतं. लहान गाठींना फेसाचं इंजेक्शन देतात. नळी ओढून काढायची जुनी शस्त्रक्रियाही वाईट नाही, जिथं लेसर परवडत नाही तिथं ती अजून करतात. काही वर्षांनी दुसरी एखादी शीर फुगू शकते, हे कुणी नाही म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. थांबण्यानं काय होतं ह्याचा पुरावा हवा असेल तर ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर अभ्यास झालाय, २०१८ साली छापून आला. जखम झालेल्यांपैकी ज्यांची गळकी नीला लवकर बंद केली त्यांच्यातल्या निम्म्या जणांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, ज्यांना आधी नुसत्या घट्ट पट्ट्यांवर ठेवलं त्यांच्यातल्या निम्म्यांना ८२ दिवस लागले. तुमची अजून जखम नाही, आणि होऊही द्यायची नाही.

कुठं करायचं ते मी छापत नाही. कुणी मिरजेला जा म्हणेल, कुणी कोल्हापूरला. बेळगावातही होतं. रक्तवाहिन्यांचे सर्जन असतील तर त्यांना विचारा, आयुष्मान कार्ड बरोबर न्या आणि ह्या उपचाराला ते चालतं का हे भरती व्हायच्या आधी काउंटरवर वदवून घ्या. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना मराठी येत नसेल तर कानडीत ‘संजीक कालिगे बावु बरतद, मुंजाने इरूदिल्ल’ (संध्याकाळी पायाला सूज येते, सकाळी नसते) एवढं सांगितलंत तरी निम्मं निदान झालं.

धंदा बंद करायचा नाही. उभं राहायची तऱ्हा बदलायची. आपल्या आया चुलीपुढं बसून भाकऱ्या करायच्या, मधून उठायच्या, लाकडं सारायच्या, पाण्याला जायच्या. ओटा आला, कंबर वाचली, पाय गेले. तुमच्या कामात एक सोय आयती आहे. भाकरी तव्यावर टाकून वर पाण्याचा हात फिरवला की ते पाणी सुकेपर्यंत तुम्ही मोकळ्या असता. तेवढ्यात ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा उचला, चवड्यावर या, सावकाश खाली. आठ-दहा वेळा. दर भाकरीला नको, दर पाचव्या भाकरीला करा. मोटार सुरू झाली. पायाशी एक पाट ठेवा, कधी हा पाय त्यावर, कधी तो. पीठ मळणं बसून होतंय का बघा. जोडीला बाई असेल तर एकीनं बसून थापायचं, दुसरीनं भाजायचं, तासाला अदलाबदल. भाकरीचा आकार बिघडतो म्हणून तुम्ही कुरकुर कराल, चार दिवस बिघडेल. शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहू नका, मऊ तळव्याची घरातली चप्पल घाला. आणि बसायचं म्हणजे स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून नव्हे. बसूनही मोटार बंदच असते. निपाणीत दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांचे पाय मी पाहिलेत, तुमच्यापेक्षा बरे नव्हते.

अकराला ओटा सुटला की अर्धा तास पाठीवर पडा, पाय भिंतीला लावून किंवा दोन उशांवर, पण पाऊल काळजाच्या वर आलं पाहिजे. दुपारच्या भाकऱ्या झाल्या की परत. गुडघ्याखाली नुसता लोड ठेवून पाऊल खालीच राहिलं तर उपयोग नाही. रात्री खाटेच्या पायथ्याखाली एकेक वीट सरकवा, वांब कमी येतील. रोज अर्धा तास चाला. वजनाचं तुम्ही लिहिलं नाही म्हणून मीही बोलत नाही, पण जास्त असेल तर ते थेट ह्या शिरांवरच बसतं. पैंजण आणि जोडवी संध्याकाळी रुतत असतील तर सरळ काढून डब्यात ठेवा.

घट्ट मोजे. लेसर होईपर्यंत आणि झाल्यावर काही काळ लागतील. दुकानात जाऊन ‘मोठी साइज द्या’ म्हणू नका. माप सकाळी, सूज चढायच्या आधी घ्यायचं : घोट्याचा घेर, पोटरीचा घेर. किती दाबाचे, गुडघ्यापर्यंत की मांडीपर्यंत, हे डॉक्टर लिहून देतील. पहाटे खाटेवरून पाय खाली सोडायच्या आधी चढवायचे, आत हात घालून टाचेपर्यंत उलटे करून, मग वर ओढत. पहिल्या दिवशी दहा मिनिटं जातील आणि घाम फुटेल. वर सुरकुती किंवा दुमड ठेवली तर तीच दोरीसारखी आवळते. रात्री काढायचे, हातानं धुऊन सावलीत वाळत घालायचे, उन्हात रबर मरतं. चार-सहा महिन्यांत सैल होतात, मग बदलायचे. क्रेप बँडेज घरी गुंडाळू नका. ते हमखास पोटरीला घट्ट आणि घोट्याला सैल बसतं, आणि हवं असतं नेमकं उलटं. डायोस्मिन नावाच्या गोळ्या लिहून दिल्या तर घ्या, जडपणा थोडा कमी होतो. झडप त्यानं दुरुस्त होत नाही.

एका बाबतीत मात्र कुणाची वाट बघायची नाही. एकच पाय अचानक सुजला, पोटरी ताठ, गरम, दाबलं की कळ, तर आत गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, चोळायचं नाही. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर त्याच घटकेला.

आता तुमचा ता. क. पत्रात तो सगळ्यात शेवटी आहे, पण मला रात्री त्यानंच जागं ठेवलं. नाही, यजमानांना ते मोजे अजिबात आणू नका. तुमचे पाय उभं राहून दुखतात, चाललं की जरा सुटतात. त्यांचं उलटं आहे. चाललं की पोटऱ्या धरतात, थांबलं की सुटतात. हे बहुतेक वर येणाऱ्या नळीचं दुखणं नसून खाली जाणाऱ्या नळीचं, धमनीचं असतं. पायाला रक्त पोहोचतच नाही पुरेसं. अशा पायावर घट्ट मोजा चढवणं म्हणजे आधीच अर्धा बंद असलेला पाण्याचा पाइप वरून पायानं दाबणं. कातडी काळी पडते, बोट जायची वेळ येते. त्यांना पाय वर करून झोपायलाही लावू नका, त्यानं दुखणं वाढतं. उलट रात्री पाय खाटेखाली सोडल्यावर त्यांना बरं वाटतं का, ते विचारा.

ते विडी ओढतात की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. साखर तपासली आहे का, तेही नाही. विडी असेल तर ती आज, ह्या ओळीवर विझवायची. पावलं गार लागतात का, पायावरचे केस गेलेत का, बोटांत कुठं न भरणारी चीर आहे का, एवढं तुम्ही घरीच बघा. डॉक्टर पावलावरची नाडी बघतील, आणि दंडाचं बीपी आणि घोट्याचं बीपी घेऊन दोन्ही ताडून बघतील. त्याला फार वेळ लागत नाही, सुईही टोचत नाहीत.

तुमचं लेसर पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल. त्यांना ह्याच आठवड्यात घेऊन जा, सोमवारच्या ऑर्डरी जाऊबाईंवर सोपवून.